बाबांच्या कोटातला चष्मा

आई,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. बाबांना पुरताना त्यांच्या कोटात आपण चुकून तुझा चष्मा ठेवला. त्यांचा टेबलावर आहे, तोवर तो चालव. मी तुझ्यासाठी नवा करायला जातेय.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या कोटाला चष्म्याचा खिसा शिवत ते म्हणाले, "माझं माप देवाकडे आहे. वेळ आलीच तर हाच घाला."

"मग वर चष्मा कशाला?" मी विचारलं.

"विश्वास आहे गं, पण प्रभू ओळखू यायला नको?"

आता दिसेल त्याला हात जोडत सुटतील.

'देवा, तुला योग्य वाटेल तसं कर,' ही त्यांची रोजची प्रार्थना. तो खरंच ऐकेल या भीतीनं मी कधी 'आमेन' म्हटलं नाही.

आज त्यांच्या शिलाई मशीनपाशी बसून मी ते मोठ्यानं म्हटलं.