दगडाखालचा कागद

२४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

घराच्या करारांचं एक्स्चेंज झालं. सॉलिसिटरने चार वाजता फोनवर पक्कं सांगितलं. इथलं घर विकलं गेलं, आता मागे फिरता येत नाही. सात नोव्हेंबरला चाव्या द्यायच्या, नऊला विमान, मग पुणे. कायमचं!

बायको, वैजयंती, प्लास्टरमधला पाय स्टुलावर टाकून दिवाळीचा उरलेला चिवडा खात होती. "बरं," म्हणाली. एवढंच.

२६ ऑक्टोबर, रविवार

हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे. जास्तीचा तास खोके भरण्यात गेला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

शेजारच्या मिसेस लाम आल्या. साठीच्या, एकट्या, चार वर्षांपूर्वी हाँगकाँगहून आलेल्या. बुधवारी त्यांचा छुंग यंग — चांद्रवर्षाच्या नवव्या महिन्याचा नववा दिवस. तिकडे सुट्टी असते. माणसं डोंगर चढतात, पूर्वजांच्या कबरी झाडतात आणि दगडाखाली कागद ठेवून येतात — घरचं कोणी येऊन गेल्याची खूण. कागद नसेल तर ती कबर बेवारस.

त्या दिवशी वैजयंती त्यांना दरवर्षी गाडीने नेते. कुठल्याशा टेकडीवर, इतकंच मला ठाऊक. यंदा ओल्या पानांवर घसरून हिचाच पाय मोडला.

"उदय नेईल की," तिने आतून माझं नाव पुढे केलं.

"आणि खोके?"

"खोके कुठे पळून जातात?"

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पुस्तकांचे अकरा खोके. पाठ गेली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पस्तीस वर्षं न्यूजडेस्कवर काढली, कुठल्याही बातमीला हात अडला नाही. आज अडतोय.

राउंडअबाउटमागून राउंडअबाउट. मिसेस लाम रस्ता सांगत होत्या. तिसऱ्या वळणाला मला कळलं कुठे चाललोय.

मार्च २००४. मी एकटा आलो होतो इथे, मांडीवर पांढरी पेटी घेऊन. आमची मुलगी. दहा दिवसांची — बारसंही व्हायचं होतं. तान्ह्यांना पुरतात, म्हणून पुरली. वैजयंती हॉस्पिटलात होती. 'तू येऊ नकोस' — मीच सांगितलं. नंतर विषय काढू दिला नाही. मला वाटलं, ती सावरली!

मिसेस लाम दफनभूमीत थेट लहान मुलांच्या कबरींच्या कोपऱ्यात गेल्या. माझ्या हातात खुरपं दिलं.

"आधी तुमच्या मुलीचं. माझे आईवडील तिकडच्या डोंगरावर आहेत, मला परत जाता येत नाही. त्यांना नमस्कार इथूनच. वैजयंती म्हणाली, चालेल."

पाटी नाही, नुसता नंबर. पण कडेने गोटे लावलेले, मध्ये शेवंतीचं झाड. मी गवत उपटलं. त्यांनी पिशवीतून कागदाची पट्टी काढली. "हे तिने लिहून दिलंय."

तिचं अक्षर. कस्तुरी.

बातमीत नाव पहिल्या वाक्यात पाहिजे — ज्युनिअरना जन्मभर ओरडत आलो. माझ्या मुलीचं नाव मला एकवीस वर्षांनी कळलं.

कागद मीच ठेवला. वर गोटा.

घरी आलो. ती मान वर न करता म्हणाली, "गवत फार होतं का?"

"थोडं. काढलं."

"कागद?"

"ठेवला." मग मला राहवलं नाही. "घर विकायच्या कागदांवर सही का केलीस मग?"

"सही कुठे करायची ते दाखवलंस. जायचंय का, ते कधी विचारलंस?"

३० ऑक्टोबर, गुरुवार

स्वयंपाकघराचे खोके भरले. एकट्यानेच.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

मिसेस लाम यांनी आपल्या घराच्या मागच्या खोलीतून शिलाई मशीन हलवलं. वैजयंती सात तारखेला तिथे राहायला जाणार आहे. विमान नऊला. माझं काय ठरलं, तिने विचारलेलं नाही.