तेलीबांध्याचे बारा क्यू

२ सप्टेंबर २००१, रविवार
आजपासून रोज लिहायचं. आठवण राहावी म्हणून नाही, पुरावा म्हणून. उद्या कोणी माझी कला ढापली तर तारखेनिशी दाखवता आलं पाहिजे.
ऑर्डर पक्की. तेलीबांध्याला तलावाजवळ नवा पूल क्लब उघडतोय. राजधानी झाल्यापासून रायपूरला काय सुचेल सांगता येत नाही. बारा क्यू हवेत, लाकडी, हाताने घडवलेले. क्यू म्हणजे टेबलावरचा बॉल मारायची काठी, हे बायकोला, निवेदिताला, चारदा सांगितलं, तरी ती छडीच म्हणते. मॅनेजर सुशील ३० ऑक्टोबरला एकेक क्यू टेबलावर लोळवून बघणार. सरळ लोळला तर पास, डुगडुगला तर फेल. एक नोव्हेंबरला नव्या राज्याला वर्ष होतं, त्याच दिवशी क्लबचं उद्घाटन.
निवेदिताची अट: फेल झालो तर मागची खोली तिच्या शिवणक्लासला आणि माझं लेथ मशीन घराबाहेर. मी बेधडक हो म्हटलं. रेल्वेच्या स्टोअर्समध्ये एकतीस वर्षं लाकडाची आवक-जावक लिहिली आहे. लाकूड मला ओळखतं.

७ सप्टेंबर
माल आला. निमुळत्या भागाला धावडा, मुठीला शिसम. गच्चीवर कडक उन्हात टाकला. शेजारचा सुतार दयाराम भिंतीवरून बघत होता. विचारतो, भैया, लकड़ी ल छांव म सुखाए हव का? मी म्हटलं, तेरे को क्या करना है? तो म्हणाला, हव. कशालाही हवच म्हणतो. इतक्या सहज होकार देणाऱ्या माणसाच्या पोटात नक्की काहीतरी असतं. सावलीत वाळवायचं म्हणजे महिना जाणार आणि माझी ऑर्डर बुडणार. डाव ओळखला.

१२ सप्टेंबर
बोर्ड आला. सांगितलं होतं: नीलकंठ क्यू वर्क्स. पेंटरने रंगवलं: नीलकंठ क्यूँ? वर्क्स. प्रश्नचिन्हासकट! म्हणे, अंकल, हमको लगा आपसे बिंदी छूट गई. सकाळपासून आमच्या अर्ध्या बूढ़ापारा मोहल्ल्याने येऊन विचारलं, काकाजी, क्यूँ? पेंटरला कोणीतरी पैसे चारले असणार. बोर्ड उतरवला नाही. उतरवला तर त्यांना कळेल की मला कळलं.

१८ सप्टेंबर
पहिले चार तयार. मध्यभागी किंचित बाक आहे. दोष म्हणता येणार नाही, लवचीकपणा म्हणावा. निवेदिता म्हणाली, हे तर धनुष्य दिसून राहिलं. कलेत बायकोचं मत विचारू नये.

२० सप्टेंबर, सकाळी ७
चमत्कार. चारही क्यू सरळ! मी हातही लावलेला नाही. शोध लागला: घडवलेलं लाकूड दोन रात्री एकटं सोडलं की लाजून ताठ होतं. हे कुठल्याही पुस्तकात नसेल. कोणालाही सांगायचं नाही.

त्याच दिवशी, दुपारी
पण एक खटकतंय. मी क्यू १, २, ३, ४ असे लावले होते. सापडले १, ३, २, ४. आणि जमिनीवर भुसा अगदी बारीक. माझ्या रंध्याने ढलपे निघतात. कोणीतरी आत येऊन माझ्या क्यूंचं माप घेतंय. सदर बाजारातून कुलूप आणलं. किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक निवेदिताकडे. घरातलीच आहे, तिची भीती नाही.

५ ऑक्टोबर
आठ तयार. सगळे आधी लवचीक, मग आपोआप ताठ. हातगुण.
काल सकाळी बँकेत जाताना खोलीत टाल्कम पावडर भुरभुरली होती. परतलो तर पावलं उमटलेली! एक जोडी अनवाणी, रुंद. दुसरी निवेदिताच्या चपलांची. म्हणजे चोर दोन, आणि त्यातल्या एकाने संशय फिरवायला निवेदिताच्या चपला घातल्या. किती पोचलेले लोक आहेत. निवेदिताला सांगितलं नाही, उगाच घाबरेल. पावडर संपली म्हणून मात्र ती माझ्यावर ओरडली.

१४ ऑक्टोबर, रात्री ९
आजचा दिवस नीट लिहायला हवा.
दहा वाजता क्लबमधून फोन. निवेदिताने घेतला. मला म्हणाली, सुशील विचारून राहिला, अंकल क्यूँ नहीं आए? मला पोट्टा चांगला वाटला, आठवण काढतो. इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरने तेलीबांध्याला गेलो. सुशील माझ्या रिकाम्या हातांकडे बघतो. मी म्हटलं, आ गया. तो म्हणाला, आप नहीं, क्यू. मी म्हटलं, क्यूँ मतलब? बुलाया इसलिए. तो म्हणाला, अंकल, क्यू! मी म्हटलं, वही तो पूछ रहा हूँ. पाच मिनिटं हे चाललं. त्याला तयार झालेले आठ क्यू आधी बघायचे होते. फोनवर म्हणाला होता, अंकल, क्यू नहीं आए.
परतताना डोक्यात प्रकाश पडला. हा गोंधळ नव्हताच! मला घराबाहेर काढायचं होतं. स्कूटर दामटली. खोलीचं दार उघडं. आत दयाराम. समोर शेगडी, हातात माझा आठवा क्यू. रंगेहाथ!
म्हणतो, भैया, थोकिन टेढ़ा रिहिस. थोडा वाकडा राहिला होता म्हणे. मी त्याला जा म्हटलं. तो हवही म्हणाला नाही. रंधा उचलून गेला.
मग निवेदिता बोलली. मीच बोलावलं त्यांना. आठही छड्या त्यांनीच शेकून, रंधा मारून सरळ केल्या. तुमचं मन मोडू नाही म्हणून बोलली नाही. मले नाही पाहिजे ती खोली. तुम्ही सकाळी उठून काहीतरी करून राहिले, तेवढंच पाहिजे होतं मले.
डोळ्यांत पाणी होतं तिच्या. दयारामने हिला चांगलंच फितवलं आहे. तिची किल्ली काढून घेतली. दोन्ही आता माझ्या जानव्याला.

२६ ऑक्टोबर, दसरा
शेवटचे चार पूर्ण. परक्या हाताचा स्पर्श नाही. दोन रात्री एकटे सोडले, अजून ताठ झालेले नाहीत. वेळ आहे.
संध्याकाळी दयाराम सोनं द्यायला आला. घेतलं. पण त्याला खोली दिसू नये म्हणून दारात आडवा उभा राहिलो. तो वाकून माझ्या पाया पडला. लहान आहे माझ्याहून, पडणारच. तरी जेवण गेलं नाही.

३० ऑक्टोबर, संध्याकाळ
सुशीलने एकेक क्यू टेबलावर लोळवला. पहिले आठ सरळ गेले. एकही डुगडुगला नाही. मी शर्टाची कॉलर नीट केली.
नववा उड्या मारत गेला. दहावा, अकरावा, बारावा, तेच.
सुशीलने ते चार बाजूला ठेवले. माझ्याकडे बघत राहिला. दोन महिने मी लोकांकडे तसाच बघत होतो. म्हणाला, अंकल, सच बताइए, ये चार किसी और से बनवाए न? आपके हाथ के तो नहीं हैं.
मी खिडकीतून तलाव बघत राहिलो. मग म्हटलं, हाँ. नया आदमी है.
तो म्हणाला, उसको मत रखिए, नाम ख़राब करेगा. उद्घाटन आठ में निकाल लेंगे. चार आप खुद अपने हाथ से बना दीजिए, हफ्तेभर में.
इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. घरी आलो. निवेदिताने विचारलं, काय झालं? म्हटलं, आठ पास. चार परत आले, माझ्या हातचे वाटत नाहीत म्हणे.
ती वाटी घेऊन उठली. दयारामच्या घरून साखर आणते म्हणाली. साखरेचा डबा ओट्यावर भरलेला दिसत होता. मी जानव्याची एक किल्ली सोडून तिच्या वाटीत टाकली.