हिल्मा नावाचं तळं

प्रिय आर्विद,

दोन देशांच्या सरहद्दीवरून तुझ्या पथकानं पाठवलेले मोजणीचे कागद गेल्या आठवड्यात इथं डुलुथच्या नकाशा-कचेरीत पोचले. एका बिननावाच्या तळ्यावर तुझ्या अक्षरात माझं नाव आहे. तेव्हापासून कचेरीत काम कमी, चेष्टा जास्त. "काय हिल्माबाई, तुमच्यात मासे कोणते मिळतात?" हे कचेरीतल्या क्नूटचं. त्यानंही मागे शेजारच्या तळ्याला आपल्या प्रेयसीचं, एस्थरचं नाव दिलं होतं. ती आता एका दंतवैद्याची बायको आहे. आई लिहिते, "अगं, अख्खं तळं दिलंय त्यानं! आता अंगठीची वाट कसली बघतेस?" तू तिला आधीच कळवलेलं दिसतं.

तळं रेखाटायचं काम माझ्याकडेच आलं. विमानातून घेतलेले फोटो जोडीनं जोडभिंगाखाली ठेवले की टेकड्या उंच उठून दिसतात, पाणी सपाट राहतं. इथं निम्मं पाणी खरखरीत दिसलं, त्यात होड्यांनी पाडलेल्या वाटा, काठावर छपरं. तुमच्या कागदावर मात्र 'निर्मनुष्य'. तुम्ही जूनमध्ये गेलात. फोटो ऑगस्टअखेरचे आहेत, पाण्यात उगवणारा रानभात पिकतो तेव्हाचे.

तुमच्या पथकाच्या छावणीत भाकऱ्या भाजणाऱ्या, तिथल्याच आदिवासींपैकी असलेल्या सोफी व्हाइटफेदरला मी रविवारी भेटले. ती हसत सुटली. "नाव नाही? मग माझी सासू दरवर्षी भात झोडायला जाते कुठं? मनोमिनिका म्हणतो आम्ही. भात उदंड, म्हणून. तुझ्या आर्विदसाहेबानं मला एवढंच विचारलं, चहा झाला का!"

कागदगिरणीला तिथं धरण हवंय, हे तुलाही ठाऊक आहे. निर्मनुष्य तळ्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही, आणि पाणी हातभर चढलं की भात बुडाला. मी आमच्या कचेरीचे प्रमुख नॉरबर्गसाहेबांना छपरं दाखवली. ते म्हणाले, "चार दिवसांची पालं म्हणजे वस्ती नव्हे, पोरी. बायका अशा मानासाठी झुरतात. नाव राहू दे, नकाशावर शाई फिरवून पक्का कर."

आज शाई फिरवली. पण त्याआधी 'हिल्मा' पात्यानं खरवडून काढलं, 'निर्मनुष्य'सुद्धा. मनोमिनिका लिहिलं, घरं दाखवली, भाताची खूण सरहद्दीच्या तुटक रेघेपलीकडच्या पाण्यातही भरली आणि समासात पूर्ण सही केली. साहेब सोमवारी बघतील. नोकरी गेली तरी सही माझीच राहील. त्यांनी मला पुन्हा तेच नाव घालायला सांगितलं, तर मी पुन्हा खरवडेन.

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहितेय. आणखी एक. लग्नाचं तू माझ्या आईला विचारलंस, क्नूटला सांगितलंस, नकाशावर मांडलंस. मला विचारलं नाहीस. विचारलं असतंस, तर नाहीच म्हणाले असते.

स्वतःचीच,
हिल्मा