एकोणीसवर थांबले तेव्हा

१४ मार्च, मंगळवार

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार. वडिलांना तीर्थरूप आणि काकांना तीर्थस्वरूप, हे तुम्हीच शिकवलंत. तरी असंच राहू द्या.

इथे सगळं ठीक. खोलीच्या खिडकीला कडी बसवून घेतली. काकूला सांगा, वेळेवर जेवते. ऑफिसात कामाचा ढीग आहे. नवा नियम आल्यापासून गरम पाणी तपासल्याशिवाय कुठल्याच नव्या घराला दाखला मिळत नाही. हीटरपासून सगळ्यात लांबच्या नळाला वीस सेकंदांत गरम पाणी यायला हवं आणि भिंतीतल्या नळीला शेवटपर्यंत ऊब धरणारं आवरण हवं. नाहीतर पाणीही वाया, वीजही वाया. हे तुम्हाला काय सांगायचं! तुम्हीच म्हणाला होतात, "उशिरा का होईना, अक्कल आली."

तुमचा गुडघा कसा आहे?

हे वाक्य तीनदा लिहून खोडलं. आता सरळच लिहिते.

गेल्या महिन्यात तुम्ही नळकाम केलेलं ते रांगेतलं शेवटचं घर तपासायला मी आले, तेव्हा गवंडीमामा हसले होते, "परीक्षक घरचीच, पेपर सोपा!" तुम्ही म्हणालात, "तिला ओळखत नाही तुम्ही. ती देवाकडेही पावती मागेल." मग मी स्वयंपाकघरातल्या नळाखाली हात धरला आणि मनातच मोजायला लागले. घड्याळ पिशवीत राहिलं.

शाळेत घालायच्या आधी तुम्ही मला अंक असेच शिकवलेत. नळ सोडायचा, हात धरायचा, ऊब येईपर्यंत मोजायचं. अठरापर्यंत मी धावत जायचे आणि एकोणीसला अडायचे. पुढचं आठवायचंच नाही. तुम्ही कधी सांगितलं नाहीत. "सावकाश. पाणी कुठे पळून जात नाही," एवढंच म्हणायचात.

त्या दिवशीही मी एकोणीसला थांबले, काका. आकडा आठवेना म्हणून नाही, पाणी गार होतं म्हणून. ते गरम झाल्यावर मी वीस म्हटलं आणि कागदावर वीस लिहिलं.

नळी वरून खाली आलेली मी पाहिली होती. जमिनीलगत सरळ न नेता तुम्ही ती दारावरून वळसा घालून आणलीत. उभ्याने करता येईल असा वळसा. निघताना तुम्ही भिंत धरून उठलात, तेही दुसऱ्या प्रयत्नात, आणि माझ्याकडे बघितलं नाहीत. मीही बघितलं नाही. आपण दोघंही शहाणे.

गेल्या आठवड्यात तिथे राहायला आलेल्या निवृत्त नर्सबाईंचा फोन आला. "अगं, माझी भांडी घासून होतात तेव्हा कुठे तुझ्या नळाला ऊब येते!" घड्याळ घेऊन गेले. एक्केचाळीस सेकंद. बाईंनी मला चहा दिला. तो प्यायची लाज वाटली.

काल साहेबांना सगळं सांगितलं. काम माझ्या काकांचं होतं हे आधी लपवलं, तेही. दाखला रद्द झाला आहे. मला तपासणीवर ठेवायचं की नाही ते ठरायचं आहे. तुम्हालाही नोटीस येईल. तिच्याआधी हे पत्र पोचावं म्हणून घाईने लिहिते आहे. अक्षराला हसू नका. गुडघ्याचं मात्र कुणाला सांगितलेलं नाही. 'नळी लांबून नेली' एवढंच लिहून दिलं. बाकीचं तुमचं आहे, तुम्ही सांगाल तर सांगाल.

शुक्रवारी भिंत फोडणार आहेत. त्या घराची तपासणी आता दुसरं कुणी करेल, म्हणून हात लावायला मी मोकळी आहे. रजा टाकली आहे. जमिनीलगतची नळी मी वाकून बसवीन. तुम्ही उभे राहून माझ्या चुका काढा, शिव्या घाला. आला नाहीत तरी मी तिथे असेन.

पत्राखाली दरवेळी 'आज्ञाधारक' लिहिते. आज ते खरं नाही, आणि एकदा खोटं लिहून झालं आहे.

म्हणून नुसती,
तुमचीच
पुतणी