तुलनेसाठी एक पुरुष

स्लाऊ, नोव्हेंबर १९८८

तीर्थस्वरूप विष्णूदादा,

कायदा फार सुंदर आहे, क्रमाने सांगते. समान मोलाच्या कामाला समान पगार मागणाऱ्या बाईने त्याच कारखान्यातला एक पुरुष तुलनेसाठी नावानिशी दाखवायचा असतो. माझ्या तपासणीच्या कामाच्या तोडीचे काम आपल्या कारखान्यात फक्त तुमचे आहे.

हे सारे मी मॅनेजरलाही उत्साहाने समजावले. त्याने शांतपणे ऐकून विचारले, "म्हणजे तुझ्या भावाचं काम तुझ्याइतकंच हलकं आहे?"

आज डबा खाताना तुम्ही म्हणालात, "यमू, साहेब हल्ली माझ्या मशीनपाशी उभा राहून काहीतरी टिपून घेतो. बढती दिसतेय."

मी मान डोलावली. तुमचे नाव घातलेला अर्ज मी सकाळीच पोस्टात टाकला होता. हे पत्र मात्र पर्समध्येच राहील.

तुमची धाकटी बहीण,
यमुना