आरशाचा खिळा

अक्का,

तू जाऊन दोन वर्षं झाली, तरी हे सांगायला मला दुसरं कोण आहे?

सप्तापूरच्या या घरात आरसा तू तुझ्या उंचीला टांगलास. कुंकू लावताना मला रोज जरा वाकावं लागायचं. मग माझ्या थायरॉईडची गाठ कॅन्सरची निघाली आणि ग्रंथीच काढली. डॉक्टर म्हणाले, "रोजच्या गोळीचा डोस जास्त ठेवलाय, त्यानं हाडं झिजू शकतात. कॅल्शियम घ्या, हाडांची तपासणी करून घ्या." मी कानडीत "हौद्री", हो जी, म्हणून आले. पण कॅल्शियमच्या त्या जाड गोळ्या घशाखाली उतरेनात, म्हणून कुटून कढीपत्त्याच्या कुंडीत घालत राहिले. तुला मात्र "घेतली" सांगायचे. कढीपत्ता आता खिडकीच्या वर गेलाय.

दिवाळीपासून मला वाकावं लागत नाही. वाटलं, आरसाच खाली सरकला. पण खिळ्याभोवतीचा चुना जसाच्या तसा आहे.

शेवटच्या वर्षी तू टाचा उचलून कुंकू लावायचीस, आणि मी मागे उभी राहून हसायचे. मग तू न्हाणीत पडलीस, मांडीचं हाड मोडलं, ती पुन्हा उठली नाहीस.

आज सकाळी कुंकू लावताना माझ्या टाचा आपोआप उचलल्या गेल्या.

आणि मागे तू हसलीस, अगदी मी हसायचे तशी.

तुझी खोटारडी धाकटी,
कुमुद