घरात कोणती भाषा बोलता?

बालाघाट, गुरुवार

प्रिय अश्विन,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. तुझे पापा अंगणात खुर्चीवर बसून उजव्या हाताने रबरी चेंडू दाबताहेत आणि मधून मधून माझ्याकडे रागाने बघताहेत, कारण मी चहात साखर घातली नाही. राग येतो म्हणजे प्रकृती सुधारतेय, असं मी धरून चालले आहे. पत्र मराठीत आहे. अक्षरं हिंदीचीच आहेत, तेव्हा वाचता येत नाही ही सबब चालणार नाही. अडखळलास तर मोठ्याने वाच.

गेल्या महिन्यात फोनवर तू मला समजावलंस, की माणसाचा मेंदू म्हणजे शेवटी कॉम्प्युटरच. लकव्याने पापांचा बोलण्याचा भाग जळाला, त्यातली फाईल गेली, आणि गेलेली फाईल परत येत नसते, तेव्हा मम्मी, तू उगाच आस लावून बसू नकोस. तू प्रेमाने सांगत होतास, ते मला कळलं. तुझा तो पेशा आहे, माझी अक्कल मोबाईलच्या रिचार्जपर्यंत. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि भांडी घासायला बसले. पण त्यानंतरच्या तीन रविवारी तू ‘पापांना फोन दे’ म्हणाला नाहीस, हे मात्र माझ्या ध्यानात आहे.

इस्पितळात बोलणं शिकवणारी एक मुलगी आहे, गुणी पोर. पहिल्या दिवशी फॉर्म भरताना तिने विचारलं, घरात कोणती भाषा बोलता? मी ठसक्यात सांगितलं, हिंदी. जनगणनेवाल्यालाही आपण तेच सांगतो. मग तिने चित्रं काढली. गाय, लोटा, छाता. पापा चित्राकडे बघायचे, ओठ हलवायचे आणि घामाघूम होऊन मान फिरवायचे. घरी आलं की मीही तेच करायचे, ‘ये क्या है जी’ म्हणून डोळ्यांपुढे चमचा धरायचे. दोन महिने गेले, एक शब्द नाही. मला वाटलं, पोरगा म्हणतो तेच खरं.

गेल्या आठवड्यात बुधवारी तिरोडीहून महागू काका आले. खाणीच्या काट्यावर पापांबरोबर ट्रकचं वजन करायचे ना, तेच. पिशवीत घरची वांगी होती. पापांची वाचा गेली हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. समोर बसले आणि म्हणाले, “काहून गा भैयालाल, मले ओळखत नाहीस का?” पापांनी त्यांना नीट न्याहाळलं. मग म्हणाले, “हौ. महागू. बुढा झालास.” दोन महिन्यांनी पहिला शब्द! महागू काकांना काही पत्ताच नाही. ते हसून म्हणाले, “तू काय जवान राह्यला का?”

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी मराठीत बोलते. शब्द थोडे येतात, वाकडेतिकडे येतात. गाय येते, छत्री येत नाही. पण ‘बे एके बे’ सुरू करून दिलं तर बे दाहे वीसपर्यंत धडाधड जातात. त्या मुलीला सांगितलं तर म्हणाली, असं होतं कधी कधी, आणि तिने फॉर्मवरची हिंदी खोडून मराठी लिहिलं. आता तू म्हणशील, बघ, दोन भाषांचे दोन फोल्डर होते, त्यातला एक वाचला. असेलही बाबा, तुझ्याशी वाद कोण घालणार. फक्त एवढं सांग, मी टीव्हीवर मराठी बातम्या लावल्या तर ते तोंड फिरवतात, आणि महागू काका बोलले की उत्तर येतं. समोर कोण बसलंय ते पाहून उघडणारा कॉम्प्युटर तुमच्या ऑफिसात आहे का?

आपल्या घरातली मराठी कशी गेली, आठवतं तुला? तू दुसरीत होतास, तिरोडी सोडून आपण नुकतेच इथे आलो होतो. वर्गात तू ‘मले पाणी पाहिजे’ म्हणालास आणि सगळी पोरं हसली. आठवडाभर तुला ‘मले, मले’ करून चिडवत होती. तू रडत आलास, शाळेत जाणार नाही म्हणालास. त्याच संध्याकाळी पापांनी फर्मान काढलं, आजपासून घरात हिंदी. त्यांची स्वतःची हिंदी कशी होती तुला ठाऊक आहे, ऑफिसात लोक मागे हसायचे. तरी बावीस वर्षं त्यांनी तुझे लाड त्या भाषेत केले, रागावलेही त्याच भाषेत. बाबांचे पापा झाले. मला एकदाच म्हणाले होते, “माह्या पोराले कोणी हसू नये, बस.”

आता खरं कारण सांगते. काल संध्याकाळी त्यांनी मला विचारलं. एकेक शब्द शोधत, मधे थांबत विचारलं, “अश्विन... काहून बोलत नाही... माह्यासंगं?” मी पदर डोळ्यांना लावून आत गेले. तू दर रविवारी विचारायचास, ‘पापा, कैसे हो’, ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही रे. आणि तुला वाटलं, आत कोणी उरलं नाही. म्हणून हे पत्र मराठीत. रोज एकदा मोठ्याने वाच, जीभ वळेल. हा रविवार सोडून पुढच्या रविवारी फोन मी त्यांच्या कानाला लावणार आहे. लांबलचक काही नको. एवढंच म्हण, “बाबा, मी येऊन राह्यलो.” चुकलास तरी इथे तुला कोणी हसणार नाही. पण तिकीट काढलं असशील तरच म्हण, कारण ते ऐकल्यावर ते रोज दाराकडे तोंड करून बसतील.

तुझीच,
आई